रँक नावाचा कॉलम

डेटाबेसच्या टेबलातल्या कॉलमला ‘रँक’ हे नाव देऊ नका, हे मी आमच्या टीमच्या प्रमुखांना तोंडावर सांगितलं होतं. त्यांच्या पाठीमागे आम्ही त्यांना महाराज म्हणतो. डेटाबेस काही शब्द स्वतःच्या हुकमांसाठी राखून ठेवतो आणि नव्या आवृत्तीत त्यांत भर पडते, एवढंच माझं म्हणणं होतं. “आज चालतंय ना? मग डोकं खाऊ नकोस,” महाराज म्हणाले.

काम होतं सरकारी इस्पितळातल्या शस्त्रक्रियांची यादी लावायचं. रोगी किती तातडीचा हे डॉक्टर आकड्यात लिहीत आणि तो आकडा या रँकमध्ये जाई. एक म्हणजे ताबडतोब.

व्हायचं तेच झालं. नवी आवृत्ती आली, ‘रँक’ राखीव झाला आणि यादी बंद पडली. महाराजांनी स्वतः बसून दुपारपर्यंत ती चालू केली. टाळ्याबिळ्या वाजल्या.

त्याच आठवड्यात बाबांना इस्पितळातून फोन आला: गुडघ्याचं ऑपरेशन सोमवारी. बाबा लहान मुलासारखे हरखले. दादाने लगेच रजा टाकली. मला मात्र ते खटकलं. बाबांचा आकडा पाच होता. “हे थांबू शकतं,” असं डॉक्टर आमच्यासमोरच म्हणाले होते.

सकाळी ऑफिसात जाऊन पाहिलं. महाराजांनी जुन्या कॉलमशेजारी ‘रँक१’ नावाचा नवा कॉलम जोडला होता आणि यादी त्यावर लावली होती. जुने आकडे त्यात उतरवायचे मात्र विसरले होते! सगळ्यांपुढे शून्य. मग ज्याने आधी नाव नोंदवलं तो वर. बाबांनी फार पूर्वी नोंदवलं होतं. तळाला चाळिशीची एक बाई होती. पोटात गाठ, जुना आकडा एक.

मी तणतणत महाराजांच्या टेबलाशी गेले.

“यादी येते ना? एरर दिसतोय का कुठे?” त्यांनी विचारलं.

“चुकीची येते! त्या बाईने काय करायचं?”

ते खुर्चीत रेलले. “अगं, तुझ्याच वडिलांचा नंबर लागलाय. सोमवार जाऊ दे, मंगळवारी गुपचूप दुरुस्त करू. तुझंही काम होईल, माझीही अब्रू राहील.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्या बापाचा गुडघा यांना स्वतःची चूक झाकायला हवा होता! आणि त्याहून राग याचा आला की क्षणभर मलाही मंगळवार बरा वाटला.

त्यांच्या डोळ्यांदेखत मी आकडे उतरवले आणि इस्पितळात फोन करून चुकीची यादी रद्द करायला लावली. संध्याकाळी बाबांना दुसरा फोन आला: ऑपरेशन पुढे ढकललंय. मी घरी सगळं सांगून टाकलं, त्या बाईचंही.

“जगाची उठाठेव करायला निघालीस,” दादा कडाडला, “घरचा माणूस नाही दिसला?”

बाबांनी अबोला धरला. मी पाणी नेलं की ते दादाला म्हणत, “तिला सांग, तहान नाही.” इकडे महाराजांना मात्र चूक वेळेत पकडल्याबद्दल वरून शाबासकीची मेल आली. पकडली कोणी, हे विचारायचं कोणाच्या मनातही आलं नाही.

पुढच्या आठवड्यात बाबा जिन्यात भेटले. कठडा धरून थांबले होते, कपाळावर घाम. मी हात पुढे केला, तो त्यांनी झटकला.

“त्या बाईचं झालं का?”

“झालं. सोमवारीच. तुमच्या वेळेला.”

“बरं झालं.” ते एक पायरी चढले, कळवळले आणि सगळ्या जिन्याला ऐकू जाईल असे ओरडले, “पण मला पाच आकडा देणाऱ्याला म्हणावं, या गुडघ्याने एकदा वर चढून दाखव!”