मनगटाचे माप

लोकरीचे एक टोक दाराच्या मुठीला अडकवून स्तोयांका दुसऱ्या टोकाला पीळ देत होती. लाल आणि पांढरा धागा एकमेकांत गुंतत आखडत गेले. सात वर्षांची नात कालिना समोर हात पुढे करून बसली होती. पीळ झाला की आजी तो तिच्या मनगटाभोवती फिरवून बघायची, गाठीपुरती लोकर सोडायची आणि कात्री चालवायची. मग टोकांना गोंडे, गोंड्याच्या मुळाशी दुहेरी गाठ. ही गाठ गावात आता तिच्याखेरीज कोणी घालत नव्हते.

उद्या एक मार्च. वसंताच्या स्वागताला वर्गातली मुले एकमेकांना ही लालपांढरी मार्तेनित्सा बांधणार आणि पहिला करकोचा दिसेपर्यंत ती हातावर मिरवणार; तोवर ती काढायची नसते. ज्याच्या हातावर जास्त, त्याचे मित्र जास्त.

"गेल्या वर्षी मला कोणी बांधली नाही," कालिना म्हणाली.

"तेव्हा तू दुकानातल्या नेल्या होत्यास. या घरच्या. तू बांधलीस की समोरचा बांधतोच, रीतच आहे."

शाळेच्या बाईंनी मागच्याच आठवड्यात स्तोयांकाला बोलावून घेतले होते. कालिना मधल्या सुट्टीत वर्गातच बसून राहते, मुले तिला 'पिंप' म्हणतात, परवा तिने एकाला ढकलून दिले. घरी येऊन स्तोयांकाने तिची आवडती बनित्सा, चीज भरलेली पापुद्र्यांची पोळी, भाजली होती. दुसरे काय करायचे ते तिला सुचले नव्हते.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटली तेव्हा आजी न्यायला आली होती; कालिना फाटकातून बाहेर आली ती बाही कोपरापर्यंत सारूनच. हात लालपांढरा झाला होता.

"बघ आजी. सगळ्यांनी बांधल्या."

"अगं बाई! ही कोणाची?"

"रुमेनची. ही देसिस्लावाची. ही पण तिचीच." ती हजेरी म्हटल्यासारखी नावे घेत गेली.

स्तोयांकाने कौतुकाने तिचा हात हातात घेतला. सगळ्या मार्तेनित्सा डाव्याच हातावर होत्या. गाठी ओलसर होत्या, दातांनी ओढून बसवल्यासारख्या. आणि प्रत्येक गोंड्याच्या मुळाशी दुहेरी गाठ होती.

मागून दोन मुले दप्तरे उडवत गेली.

"ए पिंप, तुझी मार्तेनित्सा माझ्या हाताला दोनदा गुंडाळली तरी गळून पडली!"

"अरे, ती गाईच्या गळ्यातली असेल!"

कालिना वळली नाही. स्तोयांकाच्या बोटांना मात्र कालची कात्री आठवली, आणि पुन्हा पुन्हा पुढे आलेले ते एकच मनगट.

"किती नीट बांधल्यात गं मुलांनी," ती म्हणाली.

कालिनाने एकदा तिच्या तोंडाकडे पाहिले. मग दोघी चालू लागल्या.

चौकातल्या विजेच्या खांबावर करकोच्याचे घरटे होते. काटक्यांवर अजून बर्फ साचलेले होते.

"आजी, करकोचा कधी येतो?"

"महिना संपता संपता."

"त्याआधी नाही येत? एखादा?"

"नाही गं."

कालिनाने मान वर करून घरट्याकडे पाहिले आणि बाही ओढून पार बोटांपर्यंत आणली.