एकशे पंचवीसचा आवाज

दहा वर्षं मिस्त्रीच्या कॅमेरे दुरुस्तीच्या दुकानात कुत्रं फिरकलं नव्हतं. मग कुठून काय खूळ निघालं देव जाणे, आजोबांच्या कपाटातले रोलचे कॅमेरे उपसून पोरंपोरी दारात उभी राहायला लागली. ज्यांनी त्याला भंगारात काढलं, त्यांचीच ही औलाद. मिस्त्री तोंड वाकडं करायचा. पण बायको गेल्यापासून त्याला हाक मारणारं कोणी उरलं नव्हतं. त्यांच्या 'काका' म्हणण्यासाठी तो सकाळी आठलाच दुकान उघडून बसायचा.

कॅमेऱ्याचं शटर तो कानाने लावायचा. एकशे पंचवीसच्या वेगाला, म्हणजे सेकंदाच्या एकशेपंचविसाव्या हिश्शात, शटरचा पडदा उघडून मिटला की एकच 'टिक' वाजतं. पडदा रेंगाळला की दोन. चाळीस वर्षांत त्याची चूक झाली नव्हती.

एक दिवस एक पोरगी त्यानेच दुरुस्त करून दिलेला कॅमेरा आणि त्यातले फोटो घेऊन आली. सगळे फोटो पांढरेफटक. आभाळ गायब, तिच्या आईच्या चेहऱ्यावर नाकसुद्धा नाही.

"कसले भारी आलेत ना काका! स्वप्नातल्यासारखे. मैत्रिणीचा कॅमेराही असाच करून द्या."

"अगं, बिघडलेत हे. पडदा मंद आहे, उजेड जास्त घुसलाय."

"मग तसाच मंद ठेवा ना!"

कॅमेरा ठेवून घेऊन त्याने तिला वाटेला लावलं. मग कॅमेरा कानाशी धरून बटण दाबलं. टिक. एकच. पुन्हा दाबलं. एकच. शेवटी कॅमेरा जबड्याला घट्ट टेकवला आणि दाबलं. हाडाला दोन धक्के बसले.

कान गेले होते, आणि चुकलास म्हणून सांगणारं कोणी नव्हतं. पोरं तर चुकीवरच खूश! उभ्या गावात एकच माणूस उरला होता: चौकापलीकडचा भिंगवाला. कॅमेऱ्यांची भिंगं बसवायचा धंदा बंद करून बसलेला, मिस्त्रीचा जन्माचा वैरी. मिस्त्रीने दुरुस्त केलेला कॅमेरा हाती आला की गिऱ्हाइकासमोर 'हे कुठल्या गाढवाचं काम?' विचारणारा.

मिस्त्री कॅमेरा घेऊन तडक त्याच्या घरी गेला.

"अजून जिवंत आहेस होय रे?" भिंगवाला खुर्चीतूनच ओरडला.

"हे ऐक. एकशे पंचवीसला लावलाय."

भिंगवाल्याने कॅमेरा कानाशी नेला, दाबला. भुवया वर गेल्या. पुन्हा दाबला. मग मिस्त्रीकडे पाहत राहिला, नको तेवढा वेळ.

"छान लागलाय," तो म्हणाला. "अगदी बरोबर."

चाळीस वर्षांत ज्याने याचा एक स्क्रू बरोबर म्हटला नव्हता, तो हे बोलत होता.

"खोटं बोलू नकोस हरामखोरा! दोन वाजतात. शिवी दे मला."

"अरे बस तरी. चहा सांगतो."

"शिवी दे म्हणतोय ना!"

"बरं, बरं," भिंगवाला आजाऱ्याशी बोलावं तसं बोलला. "पायऱ्या जपून उतर हं."

मिस्त्री कॅमेरा उचलून चालता झाला. भर चौकात थांबून त्याने स्वतःलाच एक सणसणीत शिवी हासडली. कोणी वळूनसुद्धा पाहिलं नाही.