पाव इंच

मित्रांनो, मी एक जुनी टेप आहे. गाणी वाजवणारी नव्हे; शिवणकाम करणाऱ्यांच्या गळ्यात असते ती, पिवळी, कापडी, साठ इंच लांबीची. माझ्या दोन्ही टोकांना पितळेच्या पट्ट्या आहेत. त्यातली एक हल्ली हलते. अंगावरचे आकडे पुसट झाले आहेत. पंचविसापासून तिसापर्यंतचे तर डोळे ताणल्याशिवाय दिसत नाहीत, कारण माणसांच्या कंबरा बहुधा तिथेच येतात.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. मेणकापडाच्या लांबलचक पट्टीवर यंत्राने आकडे छापले, कापले, टोकांना पितळ ठोकले आणि आम्हा शंभर बहिणींना एका खोक्यात भरून पाठवून दिले. प्रत्येकीची लांबी अगदी सारखी होती. त्या दिवशी कोणी मला विचारले असते, तर मी छाती ठोकून सांगितले असते की मी कधीही खोटे बोलणार नाही.

मला विकत घेतले ताईंनी. ताई म्हणजे दोन बहिणींच्या दुकानातल्या थोरल्या. आईवडील लवकर गेले, तेव्हा ताईंनीच धाकटीला वाढवले, शिवण शिकवले, तिचे लग्न लावून दिले. स्वतःच्या लग्नाचा विषय कोणी काढला की म्हणायच्या, "माझ्या मापाचा मिळाला नाही." ताई अंगाने भरलेल्या, आवाजाने त्याहून भरलेल्या. दुकानात त्यांचा एक नियम होता: कापडी टेप वर्षाला बदलायची. नवी टेप आली की त्या तिला मधोमध दुमडून दोन्ही पितळे एकत्र धरायच्या. घडी बरोबर तिसावर आली, तर टेप खरी. वर्षभर वापरलेली टेप अशीच दुमडली की घडी तिसाच्या अलीकडेच यायची. मग तिची रवानगी केराच्या टोपलीत.

माझे वर्ष भरायच्या आतच ताई दुकानाच्या जिन्यावरून पडल्या. कमरेखालचे अंग गेले ते गेलेच. चाकांची रुंद खुर्ची आली. तिच्या पाठीमागे रुंदी छापलेली होती: पंचवीस इंच. पहिल्याच दिवशी ताई म्हणाल्या, "चला, आता माझं माप कोणाला घ्यायला नको. छापूनच आलंय."

दुकान बंद झाले. धाकटीने शिवणयंत्र घरी आणले, घर म्हणजे तळमजल्यावरच्या भाड्याच्या दोन खोल्या. ताई खुर्चीत बसून काजं-बटणं करायच्या आणि धाकटी मला गळ्यात घालून गिऱ्हाइकांची मापे घ्यायची. वर्ष उलटले, पण मला बदलायचे तिच्या मनाला येईना. धडधाकट ताईंनी आणलेली शेवटची टेप होते ना मी! अशी मी सहा वर्षे राबले. माझ्यावरून केलेल्या कपड्यांचे कौतुक व्हायचे, तेव्हा मीही मनातल्या मनात फुगायचे.

मग एका वकिलाचा कोट तंग झाला. माप मी घेतले होते आणि कापड लाकडी पट्टीने आखले होते. धाकटीने दोष वकिलाच्या पोटाला दिला, पण दुसऱ्या दिवशी नवी टेप आणली. मला टाकले नाही. घडी घालून पर्समध्ये ठेवले. बरीच वर्षे मी तिथे किल्ल्यांच्या आणि औषधांच्या चिठ्ठ्यांच्या शेजारी पडून होते. मला कामावरून का काढले, हे धाकटी हळूहळू विसरून गेली. मला तर ते कधी कळलेच नव्हते. टेपला सगळ्या जगाची लांबी कळते, फक्त स्वतःची कळत नाही.

एके दिवशी घरमालकाने सांगितले, "घर विकलंय. तीन महिन्यांत खोल्या रिकाम्या करा."

धाकटीच्या नवऱ्याचे काम इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करण्याचे. शांत माणूस. त्याने आणि धाकटीने ठरवले की आता भाड्याची कटकट नको, लहान का होईना, आपले घर घ्यायचे. तळमजला किंवा लिफ्ट हवी, आणि न्हाणीघराच्या दारातून ताईंची खुर्ची आत जायला हवी. न्हाणीघरात खुर्ची जात नसेल, तर ताईंना तिथे ठेवणार कसे? मग त्यांना शहराबाहेरच्या, अपंगांच्या संस्थेत पाठवावे लागणार होते. हे वाक्य घरात कोणी पुरते उच्चारत नसे. "नाहीतर मग..." एवढेच म्हणायचे आणि गप्प व्हायचे.

अशी माझी दुसरी नोकरी सुरू झाली. घरे बघायला जाताना धाकटी मला पर्समधून बाहेर काढू लागली. कामाची टेप यंत्राशीच बरी, घर मोजायला ही चालेल, असे ती म्हणाली. मला किती आनंद झाला म्हणून सांगू!

मित्रांनो, त्या शहरात घर बघणे म्हणजे काय असते ते मी जवळून पाहिले आहे. एका घरासाठी जिन्यात तीस-तीस माणसे उभी. एजंट प्रत्येकाला पंधरा मिनिटे द्यायचा आणि दाराशी उभा राहून हातातल्या घड्याळाकडे बघायचा. लोक भिंतींवर टिचक्या मारायचे, नळ सोडायचे, एकमेकांकडे चोरून बघायचे. संध्याकाळी सहापर्यंत आपापला भाव बंद पाकिटात घालून द्यायचा. पाकिटे उघडली की कोणीतरी जिंकायचा आणि बाकीचे पुढच्या रविवारी दुसऱ्या जिन्यात उभे राहायचे. हळूहळू चेहरे ओळखीचे झाले होते. एका घरात न्हाणीघर चांगले ऐसपैस निघाले. धाकटी हरखून नवऱ्याला म्हणाली, "अहो, हे जमतंय!" मागे उभ्या असलेल्या जोडप्याने ते ऐकले आणि पाकिटातला भाव वाढवला. तेव्हापासून ती तोंड मिटून मोजायची आणि नुसती मान हलवायची.

अकरा घरे झाली. चार ठिकाणी दार पुरेसे होते. ती चारही घरे दुसऱ्यांनी नेली. ताई रोज संध्याकाळी विचारायच्या, "काय जावईबापू, आज कुठल्या राजवाड्यात जाऊन आलात?" तो हसायचा. अकराव्या घरानंतर त्याला हसता येईना, म्हणून ताईंनी विचारणेच बंद केले.

बारावे घर एका म्हाताऱ्या घड्याळजींचे होते. तळमजला, पुढे दोन पायऱ्या, तिथे उतरती फळी बसवता येण्यासारखी. खोल्या लहान, पण खिडक्या मोठ्या. घड्याळजी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे त्रासिक नजरेने बघत होते. धाकटीने न्हाणीघराच्या दाराशी वाकून मला चौकटीवर लावले, तसे ते उठून जवळ आले.

"काय मोजताय, बाई?"

"माझ्या बहिणीची खुर्ची जायला हवी. चाकांची आहे."

घड्याळजींनी एजंटला हाक मारली. "सकाळपासून जो येतो तो ही भिंत पाडू, ती भिंत पाडू म्हणतोय. या बाई पहिल्याच, ज्यांना या घरात कोणी राहणार आहे असं वाटतंय. यांना परवडेल त्या भावात मी देतो. पाकिटं-बिकिटं नकोत."

एजंटचा चेहरा पडला. "काका, बाकीचे लोक आत्ता जास्त द्यायला तयार आहेत. निदान यांचा होकार सहाच्या आत तरी येऊ दे. नंतर मी कोणाला थांबवू शकणार नाही."

तेव्हा साडेचार वाजले होते. धाकटीने मला पुन्हा चौकटीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ताणून धरले आणि अंगठ्याखालचा आकडा वाचला. पावणेपंचवीस. पुन्हा धरले. पावणेपंचवीसच. खुर्ची पंचवीस.

"हे दार मोठं होईल का, काका?"

"नाही हो. एका बाजूला इमारतीचा खांब आहे, दुसऱ्या बाजूला पाइप. लोखंडी चौकट त्यातच बसवलेली आहे."

नवरा म्हणाला, "अगं, मी जाऊन खुर्चीच घेऊन येतो. लावूनच बघू."

"जाऊन येईपर्यंत सात वाजतील. आणि लावून काय बघायचं? पाव इंच कमी आहे म्हणजे आहे. ही ताईची टेप आहे, ही कशाला खोटं सांगेल?"

तिने माझ्यावर एवढा विश्वास टाकला, मित्रांनो. मी अभिमानाने तिच्या मुठीत बसून राहिले. आपण एका कुटुंबाला फसण्यापासून वाचवले, असे मला वाटत होते.

सहा वाजायच्या आत तिने नाही म्हणून सांगितले. घड्याळजींना वाईट वाटले. निघताना त्यांनी तिचा शिवणकामाचा पत्ता मागून घेतला. घरी येऊन तिने ताईंना सांगितले, "अरुंद होतं गं. पाव इंचाने." ताई म्हणाल्या, "बघ, मी दोन घास कमी खाल्ले असते तर..." आणि मग तो विनोद त्यांनाच पुढे नेववेना.

त्यानंतरची घरे आणखी महाग झाली. तीन महिने संपत आले. शेवटी चौथ्या मजल्यावरची एक भाड्याची खोली मिळाली, तीही बिनलिफ्टच्या इमारतीत. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाला लिफ्ट नसलेल्या घरात राहायला जाताना मी पाहिले आहे. ताईंनी स्वतःच संस्थेचा अर्ज मागवला आणि स्वतःच भरला. धाकटी रडू लागली, तेव्हा त्या करवादल्या, "रडतेस काय? कापडावर डाग पडतील."

ताईंना संस्थेत पोचवायच्या चार दिवस आधी एक तरुण बाई दाराशी आली. तिने घड्याळजींचे घर घेतले होते. घड्याळजींनीच तिला पत्ता दिला होता. पडदे हिच्याकडूनच शिवून घ्या, म्हणाले होते. काम नाकारण्यासारखी परिस्थिती नव्हती. धाकटी गेली. नव्या टेपने तिने खिडक्या मोजल्या, आकडे वहीत लिहिले. काम संपले. मग कोणी सांगितले नसताना ती न्हाणीघराच्या दाराशी गेली, आणि दुखऱ्या दातावर पुन्हा पुन्हा जीभ जावी तशी तिने ती चौकट मोजली.

सव्वापंचवीस.

तिने पुन्हा मोजली. मग पर्समधून मला काढून त्याच जागी धरले. पावणेपंचवीस. तिने आम्हा दोघींना शेजारी-शेजारी धरले, आणि तेव्हा मला माझी लांबी पहिल्यांदा कळली. सहा वर्षे कंबरांभोवती ओढली गेल्याने माझा सुरुवातीचा भाग अर्धा इंच ताणला गेला होता. माझे आकडे एकमेकांपासून लांब सरकले होते. जे सव्वापंचवीस होते ते मी पावणेपंचवीस सांगितले होते. खुर्ची गेली असती. घासून का होईना, गेली असती.

"काय झालं? या दाराला पडदा नकोय आम्हाला," नवी मालकीण म्हणाली.

"नाही, सहज बघितलं."

रस्त्यात एका कचराकुंडीपाशी ती थांबली. मला बाहेर काढले. मला वाटले, टाकणार. टाकले असते तर फार बरे झाले असते. पण पितळ मुठीत धरून ती बराच वेळ उभी राहिली आणि मला पुन्हा आत ठेवून चालू लागली. नवऱ्याला तिने हे सांगितले नाही. ताईंना सांगण्याचा तर प्रश्नच नव्हता.

निघायच्या सकाळी धाकटी पिशवी भरत असताना ताई म्हणाल्या, "माझी टेप कुठाय गं? ती पिवळी. ती दे मला. तिथे काय, चार बायकांची झंपरं तरी शिवून देईन."

"नवी देते ना, ताई. ती जुनी झालीय."

"नवी तुझ्या धंद्याला राहू दे. माझी मला दे."

नाही म्हणायला कारण सांगावे लागले असते. धाकटीने मला ताईंच्या हातात ठेवले आणि ती दुसऱ्या खोलीत निघून गेली.

आता मी संस्थेत ताईंच्या उशीखाली राहते. इथली दारे खूप रुंद आहेत. तिसऱ्या की चौथ्या दिवशी ताईंनी मला पिशवीतून बाहेर काढले, पूर्वीसारखे मधोमध दुमडले आणि दोन्ही पितळे एकत्र धरली. घडी पावणेतिसावर आली. ताईंनी चष्मा पुसला आणि पुन्हा दुमडून पाहिले. मग त्या खिडकीकडे तोंड करून बसल्या. जेवायला हाक आली तरी त्यांनी खुर्ची हलवली नाही.

रविवारी धाकटी भेटायला आली. इकडचे-तिकडचे बोलून झाले. मग ताईंनी विचारले, "त्या घड्याळजींचं घर अरुंदच होतं ना गं?"

धाकटीने खाली बघत सांगितले, "हो ताई. पाव इंचाने."

"मग बरं झालं, नाही घेतलं ते," ताई म्हणाल्या आणि उशीखाली हात घालून मला आणखी आत सरकवले.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखी एखादी जुनी टेप असेल, तर तिच्यावर माया जरूर करा, पण काही मोजण्याआधी तिला नव्या टेपशेजारी धरून बघा. ती मुद्दाम खोटे बोलत नसते. तिला बिचारीला ठाऊकच नसते. मला आता ठाऊक झाले आहे, पण मला कोणी काही मोजायला सांगत नाही. दर रविवारी त्या दोघी माझ्यापासून हातभर अंतरावर बसून हवापाण्याच्या गप्पा मारतात, आणि मी उशीखाली पडून ऐकत असते.