पलंगामागची भिंत

शेवटचा स्क्रू काढून तिने पलंगामागची फळी दोन्ही हातांनी ओढली. फळी सुटली आणि गार हवा तोंडावर आली. आत ट्रेलरचा बाहेरचा पत्रा होता, त्याच्यावर पाण्याचे ओघळ होते, आणि मध्ये जिथे थंडी अडवणारा जाडजूड फोम असायला हवा होता तिथे काहीच नव्हतं. तिने हात घालून कोपऱ्यापर्यंत चाचपलं. सगळा ठणठणाट!

दीर दारातच घुटमळत होता. हा ट्रेलर, म्हणजे चाकांवरचं घर, त्याच्याच कारखान्यात बांधलेला.

"भावजी, हे काय?"

तो खाली पडलेले स्क्रू वेचायला लागला.

"अख्खा हिवाळा डोंगरावर काढायचाय मला यात. बर्फ मोजायची नोकरी आहे, सहलीला नाही चालले मी!"

ट्रेलर नेण्याआधी गिऱ्हाइकाने थंडीत एक रात्र त्यात झोपून बघायचं, ही दिराच्या कारखान्याची रीत. त्याप्रमाणे ती काल अंगणात उभ्या ट्रेलरमध्ये झोपली, आणि रात्रभर दातावर दात वाजले. सकाळी नवरा चहा घेऊन आला. तिच्या अंगावर शाल टाकून म्हणाला, "नाही झेपत गं. माणसाने हट्ट तरी किती करावा?" ती त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. नोकरी नको म्हणून कळवायचंही ठरलं. गादी तेवढी वाळत घालावी म्हणून उचलली, तर बाकीच्या भिंती खडखडीत कोरड्या आणि ही एकटीच घामाघूम.

"केसाने गळा कापलात माझा," ती म्हणाली. "तोही घरच्या माणसाने."

"वहिनी, बाकी सगळ्या भिंती भरल्यात. शपथ. एवढी एकच..."

"नेमकी माझ्या उशाची?"

त्याने मागे वळून पाहिलं. नवरा अंगणातून येत होता.

"दादाच म्हणाला," दीर पुटपुटला. "एक रात्र कुडकुडली की नाद सोडेल म्हणाला. मी नाही म्हणत होतो, पण थोरला भाऊ पडला ना."

नवऱ्याने उघडी भिंत पाहिली आणि त्याचा चेहरा खर्रकन उतरला.

"अगं, तुझ्या काळजीपोटीच..."

"काळजी? सकाळी गळ्यात पडून रडले तुमच्या. मलाच माझी लाज वाटत होती! तेव्हाही तोंड उघडवलं नाही?"

ती दिराकडे वळली.

"भावजी, फोम घेऊन या. आत्ता. माझ्यासमोर भरा."

दीर जवळजवळ पळतच गेला. नवरा ट्रेलरच्या पायरीवर बसला, तिच्याकडे पाठ करून.

"लेक गेली तिच्या घरी. आता तूही निघालीस," तो म्हणाला. "घर खायला उठतं गं. तिकडे रमलीस तर कशाला परत येशील तू? भीती वाटली मला."

तिने जुना टॉवेल घेतला आणि पत्र्यावरचं पाणी टिपायला लागली. टॉवेल भिजला, तिने तो दाराबाहेर पिळला, पुन्हा टिपायला लागली.

"येशील ना परत?" त्याने विचारलं.

"हे काल विचारलं असतंत ना, तर हसले असते मी," ती म्हणाली. "म्हटलं असतं, वेडे की काय, जाणारेय कुठे मी?"

तो वळून तिच्याकडे बघत राहिला. ती खालचा कोपरा पुसत होती.