उभ्या पिकाची मोजणी

दगडोबा लातूरला आला तो पोराला घेऊन जायलाच. सांगितलं मात्र डोळे दाखवायचे आहेत म्हणून. डोळे ठणठणीत होते; कुणाचं जनावर पिकात शिरलं तर ते त्याला दुसऱ्या शिवारातून दिसायचं. इस्लापूरच्या शाळेत संगणक शिकवायची जागा निघाली होती आणि संस्थेचे सर सोमवारपर्यंत थांबायला तयार होते. पोरगं रोज संध्याकाळी घरी जेवायला येईल, एवढ्या एका गोष्टीवर त्याच्या बायकोचा, साखराबाईचा, जीव अडकला होता. खरं तर दगडोबाचाही.

बजरंग दिवसा एका क्लासच्या ऑफिसात काम करायचा आणि संध्याकाळी खोलीवर येऊन अमेरिकेच्या बाजारात सोन्याचे वायदे करायचा. रविवारी सकाळी त्यानं बापाला शेजारी बसवून सगळं समजावलं. पैसा आपला नाही, कंपनीचा. आधी फी भरून परीक्षा द्यायची, पास झालं की कंपनी खातं देते. त्यावर सौदे करायचे, नफ्यात दोघांचा हिस्सा.

"म्हंजे बटई," दगडोबा म्हणाला.

बजरंगला हसू आलं. दोन वर्षं मित्रांना समजावून त्याची जीभ झिजली होती आणि सातवी पास बापानं एका शब्दात निकाल लावला.

दोन खाती त्यानं आधीच घालवली होती. आता एकदाच फी भरायची. हेही गेलं तर मी इस्लापूरला येतो आबा, असं तो स्वतःच म्हणाला. दोन कंपन्यांमधून एक निवडायची होती. पहिलीचं खातं मोठं आणि फी कमी. दुसरीचं खातं लहान, फी जवळपास दुप्पट. त्याचं मन पहिलीवर होतं, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

रान बटईनं घेण्याआधी शहाणा माणूस जे विचारतो तेच दगडोबानं विचारलं. मोजणी कधी करतात?

बजरंगनं सांगितलं. तोट्याची एक मर्यादा असते, तिला हात लागला की खातं बंद. दुसरी कंपनी ही मर्यादा बाजार मिटल्यावर, दिवसाच्या शेवटी हाती काय राहिलं ते बघून ठरवते. पहिली दिवसभर बघते. मधेच सौदा नफ्यात वर गेला की मर्यादाही त्याच्यामागं वर सरकते. नफा हाती आलेला नसला तरी कंपनी तो धरते. मग भाव थोडा उतरला तरी खातं जातं.

असला मालक दगडोबानं अगदी जवळून पाहिला होता. सहा वर्षांमागं गावातला लिंबाजी दगडोबाचंच रान अर्ध्या बटईनं करायचा. सोयाबीन झकास उभं होतं. दगडोबानं बांधावरून नजर फिरवली आणि बोलून टाकलं, वीस पोती होतंय, दहा माझी. काढलेल्या पिकावर चार दिवस पाऊस पडला आणि बारा पोती हाती आली. दगडोबानं आपली दहा उचलली. लिंबाजी एका शब्दानं भांडला नाही. पाडव्याला रान सोडून गेला.

"मग आबा, मोठंच घेऊ ना?" बजरंगनं विचारलं.

हो म्हणायचा अवकाश होता. महिनाभरात पोरगं आपल्या पायानं घरी आलं असतं, आणि दोष कुणाला लागला नसता. दगडोबाच्या ओठावर तो शब्द आलाही होता. पण पोरगं तोंडाकडं बघत होतं, लहानपणी जत्रेत बघायचं तसंच.

"न्हाई," तो म्हणाला. "ती कंपनी उभ्या पिकावर वाटा धरून राहिली. मी लिंबाजीसंग तेच केलतं. माझ्यासारख्या मालकाचं रान घेऊ नको, बा."

बजरंगनं लॅपटॉप पुढं ओढला आणि जुनी दोन्ही खाती उघडली. बराच वेळ बघत राहिला.

"दोन्ही तसलीच होती, आबा. दोन्हीबी बंद झाली तवा मी नफ्यातच होतो. मला वाटलं, मलाच जमत न्हाई."

दोन वर्षं पोरगं स्वतःला नालायक समजत एकटं राहिलं, या विचारानं दगडोबाचं काळीज हललं. त्यानं बजरंगच्या पाठीवर हात ठेवला आणि तो बराच वेळ तसाच राहू दिला. मग म्हणाला, लहान खातं घे आणि घाई करू नको. बजरंगनं त्याच्यासमोरच दुपटीची फी भरली.

दुपारी नांदेडच्या गाडीची वाट बघत असताना साखराबाईचा फोन आला. बजरंग येत नाही, सरांना दुसरा माणूस बघायला सांग, असं दगडोबानं सांगितलं. त्याला कुणी भरीला घातलं, तिनं विचारलं. मीच, तो म्हणाला.

"तुम्ही त्याला आणाया गेलता का ठिवाया?"

"गेलतो आणायाच," दगडोबा म्हणाला.