नवव्या ओळीवर अडलेली जात

राखी रंगाची, अर्ध्या शेपटीची मांजरं ही वेगळी जात आहे, हे मांजरांच्या जातींची नोंद करणाऱ्या संस्थेकडून मान्य करून घेताना नाकी नऊ येतात. चार पिढ्यांची वंशावळ लागते, तीन निरनिराळ्या घरांत वाढलेली मांजरं लागतात आणि ती कशी दिसावीत, कशी वागावीत हे सांगणारं वर्णनपत्र लागतं. आमच्या ह्यांनी अठरा वर्षं त्यात घातली. माझा वाढदिवस विसरायचे, पण कुठल्या पिल्लाची पणजी कोण, हे झोपेतही सांगायचे!

वर्णनपत्र त्यांनी शेवटच्या आजारपणात लिहिलं, थोरलीला मांडीवर घेऊन. थोरली म्हणजे जिच्यापासून हा गोतावळा सुरू झाला ती मांजर. हे गेले आणि महिन्याभरात तीही गेली. मग मी कंबर कसली. जात मान्य झाली की त्यांच्या खटपटीचं चीज होईल, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

परवा संस्थेच्या परीक्षक बाई घरी आल्या. बाई भलत्याच काटेकोर. अकरा मांजरांचे कान पाहिले, शेपट्या मोजल्या, सगळं जुळलं. मग वर्णनपत्राच्या नवव्या ओळीवर गाडी अडली. 'मांडीवर घेतल्यास डावा पंजा माणसाच्या मनगटावर ठेवून बसते.' बाईंनी खरोखर एकेकाला मांडीवर घेतलं. एकीने ओरखडलं, एक झोपी गेलं, बाकीच्यांनी धूम ठोकली. पंजा कुणीच ठेवला नाही.

बाई म्हणाल्या, ही ओळ राहिली तर तुमचं एकही मांजर या जातीत बसत नाही. खोडा आणि सही करा. पहिल्या मांजराचा लळा लागलेली माणसं हटकून त्याची सवय अख्ख्या जातीच्या नावावर लिहितात म्हणे. मी चिडले. ह्यांच्या हातचं एक अक्षरही मी बदलणार नव्हते. बाईंनी कागद माझ्यापुढे सरकवला.

सगळी अक्षरं वेडीवाकडी होती. ती बघताना मला ह्यांची आजारपणातली खुर्ची दिसली, तीत बसलेले हे दिसले, मांडीवर थोरली दिसली.

"ही जातीची सवय नाही," मी म्हटलं. "ह्यांचा हात सारखा थरथरायचा. ती तो दाबून धरायची."

"आणि त्यांना वाटलं, मांजरं अशीच असतात."

"हो."

"तुम्ही कुठे असायचात?"

"मागच्या खोलीत. पिल्लांचं बघत."

मी ओळ खोडली, सही केली. आता पत्र येईल, जात मान्य होईल, ह्यांना हवं होतं ते सगळं होईल. मला मात्र तो हात हवा आहे. एकदाच, पाच मिनिटं. तो थरथरताना दिसायचा तेव्हा मी दारातूनच, गोळी घेतली का, असं विचारून पुढे जायचे. वेळ नव्हता, असंही नाही.