दोघांचं पातं

मे महिना निम्मा सरला होता. बेटावर ऊन कोवळं पडलं होतं आणि डॉलीना माळावर एकटीच उभी होती. हातात नवऱ्याचं लांब दांड्याचं पातं, पायांखाली वाळवून चुलीत जाळायची माती, काळी, ओली, लोण्यासारखी. काम दोघांचं. एकानं वरून वडी कापायची, दुसऱ्यानं चरात उभं राहून झेलायची, काठावर वाळायला टाकायची. या आठवड्यात कापलं नाही, तर हिवाळाभर चूल थंड.

नवरा, अँगस, गेल्यापासून अकरा वर्षं शेजारचा टॉरमॉड झेलायला येई. यंदा फिरकला नव्हता.

गावाच्या विकास मंडळाच्या पवनचक्कीसाठी तिनं आणि टॉरमॉडनंच दारोदार सह्या गोळा केल्या होत्या. चक्की फिरू लागली आणि वाद निघाला, रविवारी, देवाच्या वारी, ती थांबवायची की नाही? सभेत टॉरमॉड म्हणाला, "देव रविवारी वारा बंद ठेवतो का?" अध्यक्षीणबाई डॉलीना म्हणाली, "तू निदान तोंड तरी बंद ठेव!" अर्धं गाव हसलं, अर्धं उठून गेलं. मतदान येत्या गुरुवारी होतं.

तिच्या पोरपणी याच माळावर बारा पाती एका लयीत चालायची. बायका गायच्या, वाऱ्यावर गाणं पार समुद्रापर्यंत जायचं. दुपारी बटाटे आणि खारवलेला हेरिंग मासा. भांडणं तेव्हाही होतीच की, कुंपणावरून, मेंढ्यांवरून, पाद्रीबाबांवरून. पण अबोला धरलेला माणूसही चरात उतरायचा, नि मान फिरवून का होईना, वडी झेलायचा.

तिनं पातं दाबलं. वडी चरात पडून फुटली. दुसरीही फुटली. तिसरी पडलीच नाही. खाली टॉरमॉडचे दोन हात होते.

"केवढी जाड ही! जळण कापतेयस की थडगं खणतेयस?"

"तुला कोणी बोलावलं रे?"

"कुत्रं फिरवायला आलो होतो."

"कुठाय कुत्रं?"

"घरी."

ती हसली नाही, पण पुढची वडी पातळ कापली. मग पुढची, मग त्याच्या पुढची. पातं, हात, काठ. पातं, हात, काठ. जुनी लय अंगात आपसूक चढली.

"गुरुवारी मी तुझ्या विरोधातच हात वर करणार, डॉलीना."

"कर की, बाबा. आत्ता दोन्ही खाली ठेव, वडी येतेय."